तीन दिवस गोड राहिलेला नीरो

त्या पिंपातला नीरो तीन दिवस आंबला नाही, हे मला मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच कळलं होतं. पुढचं सगळं लोकांना सांगताना मी ही गोष्ट कायम शेवटी सांगत आले, जणू ती मला नंतर समजली. म्हणून इथे ती आधी लिहिते.

काजूच्या बोंडूंचा ताजा रस म्हणजे नीरो. दुपारी काढलेला नीरो दिवेलागणीच्या आत प्यायचा. सकाळपर्यंत त्याला फेस चढतो, तो आंबट होतो, आणि मग त्याची जागा भाटीवर. भाटीत उकळला की त्याचा हुर्राक, म्हणजे काजूची दारू, होतो. गोव्यातलं पार्से गाव ओलांडलं की डोंगराच्या उतारावर आमची काजूची बागायत आहे आणि खाली ओढ्याजवळ दत्ताकाकांची भाटी. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून दोन वर्षांपासून डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कंपनीत केमिस्ट आहे. रोज स्कूटरवरून जाऊन येते.

रस आंबवायला काकांकडे मातीची मोठी मडकी होती. दर वर्षी एखादं फुटायचं, आणि तेवढी मोठी मडकी घडवणारा कुंभार आता आसपास राहिला नाही. या फेब्रुवारीत शेवटची दोन एकदम तडकली तेव्हा काका जेवताना म्हणाले, "गो गौरवी, तुमच्या कंपनीत निळी पिंपां आसतत मां? रिकामी झाल्यार तेंचां काय करतत?"

"बुडाला भोकं पाडून भंगारात देतात."

"भोकां कित्याक?"

"कोणी परत वापरू नयेत म्हणून."

"बघ," काका काकीला म्हणाले, "बऱ्यातली पिंपां आणि भोकां पाडतत. सरकार आणि कंपनी, दोघांचीय अक्कल एकच."

मी हसले. कंपनीत तसा नियमच आहे: दोन भोकं पाडल्याशिवाय रिकामं पिंप फाटकाबाहेर जात नाही. स्टोअर सांभाळणाऱ्या विशालला मी म्हटलं, काकांना पाण्यासाठी सहा पिंपं हवीत. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही केमिस्ट, तुम्हाला मी काय सांगणार. आणि भोकं न पाडता त्याने ती टेम्पोत चढवून दिली. तो नियम अडाणी माणसांसाठी आहे असं मी मनात म्हटलं नाही. म्हणायची गरजच वाटली नाही.

पाच पिंपांत रंग दाट करणारा पदार्थ होता, तो तसा निरुपद्रवी. सहाव्यात बुरशीनाशक होतं. डब्यातल्या रंगाला बुरशी धरू नये, त्यात जंतू वाढू नयेत म्हणून ते चमचाभर घालतात. लेबलं गरम पाण्याने मीच सोलून काढली, आणि सहाव्याचं वाचूनच काढलं. मग प्रत्येक पिंप तीन वेळा धुतलं. शेवटच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवली. रंग हिरवा आला, म्हणजे सात. पाणी आम्ल नाही, अल्कलीही नाही.

सात म्हणजे सुरक्षित असं नव्हे. सात म्हणजे फक्त सात. त्या बुरशीनाशकाचा पीएचशी काही संबंध नाही, ते पाण्यात असलं तरी पट्टी हिरवीच येते. पट्टी माझ्या पर्समध्ये होती, म्हणून मी पट्टीला जमणारा प्रश्न विचारला. अंगणात काका, काकी, शेजारचा भाटीवाला प्रवीण आणि बागायतीत कामाला असलेली मालती असे सगळे उभे होते. मी पट्टी उंच धरून दाखवली आणि म्हणाले, "बरी आहेत."

"गौरवीच्या शिक्क्याची पिंपां," प्रवीण म्हणाला. त्यातली दोन त्याने नेली. सहावं आमच्याकडे राहिलं.

अशा पिंपाला वर दोन छोटी बुचं असतात, तोंड बंदच असतं. भाटीवाले करवतीने वरचं झाकण कापतात, पण कड चार बोटं आत वळलेली राहते, आणि त्या कडेखाली चहूबाजूंनी एक पन्हळ असते. पिंप उभं ठेवून कितीही वेळा धुतलं तरी पाणी त्या पन्हळीत पोचत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण हात घालून पाहण्यासारखं होतं.

मार्चअखेर काका एक दिवस भाटीवरून खुशीत आले. "पाच पिंपांतलो रस बरो चढलो. आणि सव्या पिंपात गंमत बघ, तिसरो दीस, फेस नाय, वास नाय. साकरेसारखो गोड. नीरो म्हणान पियाक घेतलो आमी."

"तीन दिवसांचा नीरो?" काकी म्हणाली.

"पोटभर पिलो मिया. गळो इल्लो खवखवलो, तो नीऱ्यान खवखवताच."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात एक एम.एस्सी. असली की तिच्याकडे असं पाहतात. मी सांगितलं की मातीच्या मडक्याच्या छिद्रांत जुनं यीस्ट राहतं, प्लास्टिकला छिद्रं नसतात, म्हणून रस उशिरा आंबतो. वाक्य खरं आहे. फक्त उरलेली पाचही पिंपं त्याच प्लास्टिकची होती आणि त्यांतला रस एका रात्रीत फसफसला होता. एका प्रयोगात सहा नमुने, पाच एकसारखे, एक वेगळा, आणि त्या वेगळ्याचं लेबल मी स्वतः वाचलेलं. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलीने एवढ्यावरून उत्तर काढलं असतं: रसातलं यीस्ट कोणीतरी मारतंय. मी भाताचा घास घेतला. काका कौतुकाने काकीला म्हणाले, "आयकलंस?"

त्या पिंपाचं नाव झालं. लोक नीरो मागायला येऊ लागले. काका ते पिंप नीऱ्यासाठीच वेगळं ठेवू लागले.

मालती नदीपलीकडच्या सातार्ड्याची. ती आणि तिचा नवरा रामचंद्र काजूच्या दिवसांत आमच्याकडे येतात आणि बागायतीतल्या खोपीत राहतात. रामचंद्र टेम्पो चालवतो, मालती बोंडू वेचते आणि बी पिळून वेगळी करते. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. बी अशी पिळायची की बोंडू फुटू नये आणि बीच्या सालातलं तेल हाताला लागू नये. ते तेल कातडी जाळतं. कच्ची बी दातांनी फोडली तर ओठ सोलून निघतात, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. मालतीचे हात एवढे सफाईदार की काकी म्हणायची, हिच्या हातात बी आपणहून सुटते.

भाटीवर एक जुनी रीत आहे. वरचा नीरो घरच्यांना आणि आल्यागेल्याला, तळाचा कामकऱ्यांना. कोणी वाईट बुद्धीने केलेली नाही. तळाचा नीरो जास्त गोड असतो असंच सगळे मानतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, उन्हं कलताना, काकांनी ते पिंप आडवं कलतं केलं आणि तळाचे दोन कोप, म्हणजे पेले, भरून मालतीला दिले. पिंप कलंडलं की रस कडेखालच्या पन्हळीतून फिरून बाहेर येतो.

अर्ध्या तासात ती खोपीसमोर बसून थुंकत होती. मी कामावरून नुकतीच आले होते. तिची जीभ आणि टाळू पांढरी पडली होती, गिळता येत नव्हतं. रामचंद्रने टेम्पो काढला, मी स्कूटरवरून मागे, असं आम्ही तिला म्हापशाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं?

"नीरो," काका म्हणाले. "तो आमी सगळेच पितो."

मालतीला बोलता येत नव्हतं. ती हाताने कोपाची खूण करत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण काकांनी आधीच सांगितलं होतं की ही केमिस्ट आहे. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे लेबल आलं. अक्षरांसकट आलं. आणि मी म्हणाले, "कच्च्या काजूबीचं तेल असू शकतं. ती बियांचं काम करते."

खोटं नव्हतं. असू शकतं, एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, कशानेही असो, आतून भाजलंय, उपचार तोच. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. उपचार तोच, तर माझ्या बोलण्याने काय बिघडलं? स्कूटरवर मी तेच वाक्य घोळवत घरी आले.

काय बिघडलं ते आठवड्याभरात दिसलं. मालती अकरा दिवस म्हापशाला होती, आणि तेवढ्यात माझ्या "असू शकतं"चं गावात "बियो चावल्यान" झालं. कच्च्या बिया कोण चावतं? ज्याला मालकाच्या बिया चोरून खायच्या असतात तो.

"आठ वर्सां येता ती," काकी म्हणाली, "आणि मिया तिच्या भरवशार खळां सोडून बाजारात जायत होतंय."

ती परत आली तेव्हा सुकली होती. पेज तेवढी जात होती, तीही थंड करून. काकांनी तिला ठेवून घेतलं, ते त्या बाबतीत मोठ्या मनाचे. पण काकीने सांगितलं, "तू बोंडू वेच. बियांक हात लाव नको." बियांच्या गोणी खळ्यावरून उचलून आत कुलपात गेल्या. पिळायला दुसरी बाई आली. तिला दिवसाला जेवढ्या बिया जमत, तेवढ्या मालती दुपारपर्यंत काढायची. मालती टोपली भरून आणायची, तिच्यापुढे रिकामी करायची आणि परत वर जायची. एकदाही ती काही बोलली नाही. बोलायला तेव्हा तिला त्रासही होत होता.

मी तिच्यासाठी म्हापशाहून मध आणि तुपाची बाटली आणली. तिने ठेवून घेतली.

मे महिन्यात ग्रामसभा होती. आमच्या सरपंच सुविधाताईंनी एक विषय घातला होता: रसायनांची जुनी पिंपं गावातल्या भाट्यांवर वापरायला बंदी घालावी की नाही. मालतीवरून नव्हे, रस्त्याकडेला भंगारवाला पिंपं मांडून बसतो, ती त्यांच्या नजरेस आली होती. काका चिडले. मला म्हणाले, "तू बोलाक होया थय. तू तपासलंस तीं."

तपासायला हवीत, हे तेव्हा माझ्या मनात आलं. सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी भाटीवर गेले. मोबाईलचा दिवा लावून सहाव्या पिंपाच्या कडेखाली बोट फिरवलं. बोटाला पिवळट, चिकट थर लागला. वाटीभर पाण्याने तो खरवडून काढला. घरी येऊन दोन कोप घेतले. दोन्हींत साखरेचं पाणी आणि पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, मागून आणलेलं चिमूटभर यीस्ट घातलं. एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात ते खरवडलेलं. जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवले. पहिल्याला पंधरा मिनिटांत फेस आला, तासाभरात तो काठावरून उतरला. दुसरा दुपारपर्यंत तसाच होता, निवळ, शांत. गोड राहिला असणार. मी काही चाखला नाही.

काकीने विचारलं, "काय चल्लांहा?"

"कंपनीचं काम," मी म्हटलं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सत्तरेक माणसं होती. पंचायतीचा सेक्रेटरी निलेश टेबलावर वही उघडून बसला होता. सुविधाताईंनी विषय मांडला आणि प्रवीण लगेच उठला.

"बंदीच घालूची तर माडांवर आधी घाला. गेल्या वर्सा दोघे पडले, एकाची कंबर गेली. पिंपातसून कोण पडल्याचां ऐकलां नाय."

लोक हसले.

"माडार चढणारो वर बघून चढता," सुविधाताई म्हणाल्या. "किती उंच तां तेका दिसता. पिंपात काय होतां तां तुका खंय दिसता रे?"

"माका दिसना, पण माझ्या जिभेक कळता. हुर्राक मिया पितंय, विकतंय, माझ्या बापाशीन प्यालो. वायट आसतो तर आमी मेले नसते?"

"मेलेले सभेक येनत, म्हणान तुका कळना," मागून एक म्हातारा म्हणाला. मोठा हशा झाला.

मग काका उठले. काका सभेत कधी बोलत नाहीत. "आमचां म्हणणां साधां. सरकारान सगळ्यार बंदी घातली तर माणसान आपली अक्कल वापरूची खंय? आमी भोळे नाय. आमच्या घरात शिकलेलां माणूस आसा. तेणी तपासली पिंपां, मगे आमी घेतली. ह्यां बरां काय वायट, तेणीच सांगूंदे." आणि ते माझ्याकडे वळून, जरा हसून, खाली बसले.

मी उभी राहिले. मालती मला तेव्हाच दिसली. दाराबाहेर पायरीवर बसली होती, डोक्यावर पदर, हॉलकडे कान करून. या गावची मतदार नाही म्हणून आत आली नसावी.

मी पुस्तकी मराठीत बोलले. म्हणाले की अशा प्लास्टिकमध्ये रसायनं मुरतात, कडेखाली साचतात, धुऊन जात नाहीत. घरगुती तपासणीवर विसंबणं योग्य नाही. धोका पत्करायचा तर तो माहीत असला पाहिजे, आणि इथे तो पिणाऱ्याला माहीत नसतो. म्हणून बंदी असावी. चांगलं बोलले. सुविधाताई मान डोलवत होत्या. काका माझ्याकडे बघत नव्हते, ते पायांतल्या चपलेकडे बघत होते.

प्रवीण पुन्हा उठला. आता तो हसत नव्हता. "गौरवी, एक विचारतंय. म्हणजे त्या मालतीचां तोंड पिंपान जळलां?"

पायरीवरचा पदर हलला.

जनेलातले दोन कोप मला दिसत होते. मी म्हणाले, "एका प्रकरणावरून तसं निश्चित सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी व्हायला हवी होती."

निलेशने ते लिहून घेतलं. ठराव हात वर करून मंजूर झाला. टाळ्या झाल्या, काही माझ्यासाठीही. मी बाहेर आले तेव्हा पायरी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. बागायतीत वर चढून मालती बोंडू वेचत होती तिथे गेले. हंगाम संपत आला होता, बोंडू बारीक आणि सुरकुतलेले पडत होते. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. लेबल सांगितलं, पट्टी सांगितली, आणि शनिवारचे कोपही. म्हापशाला डॉक्टरांना काय म्हणाले तेही सांगितलं. सांगताना मध्येच म्हणाले, "मी ते तीन वेळा धुतलं होतं गो."

मालती वेचायची थांबली नाही. माझं संपल्यावर ती कंबरेवर हात ठेवून सरळ झाली.

"ह्यां माका कित्याक सांगतंस?" तिचा आवाज अजून घोगरा होता. "मी बियो खाल्लंय नाय, तां माका म्हायत आसा. जेंका म्हायत नाय, तेंका सांग."

मी खाली पडलेला एक बोंडू उचलून तिच्या टोपलीत टाकला.

"काल सांगशीत असां वाटलेलां," ती म्हणाली. "तेच्यासाठीच येवन बसलंय."

दुपारी सगळे भाटीवर असतात. काका विस्तव सारखा करत होते, काकी बोंडू निवडत होती, प्रवीण काहीतरी मागायला आला होता. रामचंद्र टेम्पोला टेकून उभा होता. मी सांगितलं. या वेळी दोन्ही कोप घरून आणून दगडावर ठेवले, पण त्यांच्याकडे कोणी नीट पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

काकांनी विस्तवातली काठी बाहेर काढली. मग म्हणाले, "लेबल वाचलेलंस तू."

"हो."

"आणि म्हापशाक डॉक्टरान विचारल्यान तेव्हा तुका म्हायत होतां."

"शंका होती."

"शंका," काका म्हणाले. त्यांनी काठीने निखारा आत लोटला. "मिया म्हणी आमच्या घरात शिकलेलां माणूस आसा. भरसभेत." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तुजी ती बंदी काल झाली. आधीच आसती तर तू पिंपां हाडली नसतंस?"

"काका, कंपनीत बंदीच होती. भोकं पाडल्याशिवाय बाहेर न्यायची नाहीत."

"मगे?"

"मला वाटलं, ती माझ्यासाठी नाही."

प्रवीण खाकरला. जाताना त्याने आपली दोन पिंपं परत आणून टाकतो एवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहाही पिंपांच्या बुडाला मी घरच्या ड्रिलने दोन-दोन भोकं पाडली.

त्या दुपारी काकी उठून घरात गेली आणि बियांच्या खोलीचं कुलूप काढून आली. एक टोपली तिने मालतीसमोर आणून ठेवली, न पिळलेल्या बोंडूंची. मालतीने टोपलीकडे पाहिलं.

"ऱ्हवांदे वयनी," ती म्हणाली. "आता दोन दिसांचां काम ऱ्हवलां. ती बाई करता, तिका करूंदे."

काकीने टोपली परत उचलली.

रामचंद्र टेम्पोपासून पुढे आला. तो मला म्हणाला, "सातार्ड्यात पण ह्याच पोचलांहा. आवशीन माझ्या ऐकल्यान. हिका घरात भांड्याक हात लावक देणां नाय, चोरटी म्हणता." मग त्याने टेम्पोचं दार उघडून धरलं.

टेम्पोत आम्ही तिघं पुढे बसलो, मालती मध्ये. नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे गेलो. सातार्ड्यात पहिलं घर रामचंद्रच्या चुलत्याचं. तिथे मी उभ्या उभ्या सांगितलं, आणि सांगता सांगता "तीन वेळा धुतलं होतं" हे आपोआप आत आलं. ते ऐकल्यावर चुलता म्हणाला, मगे तुझी काय चूक बाय, नशीब एकेकाचां. मला बरं वाटलं. बाहेर पडताना मालतीकडे पाहिलं तर ती आपल्या पायांकडे बघत पुढे चालत होती. दुसऱ्या घरीही तेच झालं. ते वाक्य मी घातलं, आणि बायकांनी मला पाणी दिलं, बसायला पाट दिला. मालती दाराशी उभी होती.

तिसरं घर त्यांचं स्वतःचं. म्हातारी ओट्यावर आंब्याच्या फोडी उन्हातून उचलत होती. मालतीला बघून तिने तोंड फिरवलं. मी सांगायला लागले. लेबल मी वाचलं होतं. काढलं मीच. रस आंबत नाही हे मला सांगितलं तेव्हा मला समजायला हवं होतं. डॉक्टरांना बियांचं मी सांगितलं. तुमच्या सुनेने बी चावलेली नाही. एवढं सांगून थांबले. ते वाक्य ओठांशी आलं होतं, ते मी गिळलं.

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या चपलांपासून चष्म्यापर्यंत.

"इतक्या शिकलंस," ती म्हणाली, "आणि भांडां धुवन घेवक नाय येवक तुका?"

अंगणात कोंबड्या फोडींच्या आसपास फिरत होत्या.

"धुतल्यान होतां गे तेणी," मालती म्हणाली. ती सासूच्या शेजारी ओट्यावर बसून फोडी सुपात भरायला लागली होती, आणि म्हातारी तिला अडवत नव्हती. "तीनदा धुतल्यान."